कमरेच्या रिव्हॉल्व्हरसाठी पट्टा: निवड, माप आणि करून घेण्याची रीत

ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या भागात परवान्याच्या हत्याराचं कुणाला फारसं अप्रूप नाही. अप्रूप आहे ते हत्यार नीट बाळगणाऱ्याचं. रिव्हॉल्व्हरवर भरपूर पैसे घालायचे, होल्स्टरसाठी, म्हणजे हत्यार अडकवायच्या म्यानासाठी, चार दुकानं पालथी घालायची आणि मग ते सगळं लग्नात आहेर म्हणून आलेल्या पट्ट्याला लटकवायचं, असा प्रकार सर्रास दिसतो. तासाभरात होल्स्टर खाली सरकतं, मूठ शर्टाबाहेर डोकावते आणि माणूस दर पाच मिनिटांनी पँट वर ओढत राहतो. दोष होल्स्टरला दिला जातो. दहांतल्या बहुतेक वेळा तो पट्ट्याचा असतो.

पट्ट्याकडून काय हवं हे ठरवण्याआधी कायदा काय मागतो ते पाहिलं पाहिजे, कारण पट्ट्याच्या निम्म्या अटी तिथूनच येतात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल न्यायचं तर ते त्यासाठीच केलेल्या होल्स्टरमध्ये अंगाला अडकवलेलं किंवा तशाच बॅगेत असावं लागतं, पूर्ण झाकलेलं असावं लागतं आणि नेणाऱ्याचा त्यावर ताबा असावा लागतो. म्हणजे नुसतं कमरेला खोचणं नियमात बसत नाही आणि कुर्त्यावरून मिरवणंही नाही. दुसरं असं की परवान्याच्या अटींनुसार खास परवानगी नसेल तर जत्रा-मेळा, धार्मिक मिरवणूक, जाहीर जमाव आणि शाळा-कॉलेजचा परिसर इथे हत्यार नेता येत नाही. ग्वाल्हेरात १९०५ पासून भरणारा व्यापार मेळा त्यात आलाच, गणपतीची मिरवणूकही आली. निवडणुकीच्या काळात तर बऱ्याच परवानाधारकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. थोडक्यात, पट्टा हत्यारासह आणि हत्याराविना अशा दोन्ही मापांना बसला पाहिजे. हा मुद्दा भोकं पाडताना पुन्हा लागेल.

पट्टा नेमका कुठे हार खातो

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीच्या नेहमीच्या .३२ रिव्हॉल्व्हरचं वजन सुमारे ७०० ग्रॅम. त्यात सहा काडतुसं, वर होल्स्टर, म्हणजे एका कुल्ल्यावर पाऊण किलोहून जास्त भार. २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर हलकं, ५०० ग्रॅमच्या आसपास. एवढ्या वजनानं कुठलाही धड पट्टा तुटत नाही. प्रश्न वजनाचा नाही, वजन कुठे आहे याचा आहे.

होल्स्टर कमरेला लावलं की नळी पट्ट्याच्या खाली जाते आणि मूठ, घोडा, सिलिंडरचा बराचसा भाग पट्ट्याच्या वर राहतो. वरचा भाग जड, त्यामुळे मूठ शरीरापासून बाहेर कलंडू पाहते. पट्ट्यावर येणारा ताण असा पिळाचा असतो. पट्टा मऊ असेल तर त्याची वरची कड बाहेरच्या बाजूला उलटते, पट्टा रुंदीत दुमडून पन्हळीसारखा होतो आणि मूठ शर्टाखाली उठून दिसते. यावर लोक एकच उपाय करतात, पट्टा आणखी एक भोक आवळतात. मूठ तरीही कललेलीच राहते आणि आवळलेला पट्टा कंबरेच्या हाडापाशी जांघेतून मांडीकडे जाणारी नस दाबतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येणं, जळजळ, बधिरपणा ही त्याची लक्षणं. डॉक्टर याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. असं झालं तर आधी पट्टा सैल करा. तरीही बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

दुसरी अडचण हत्यार काढताना येते. मऊ पट्ट्यावर होल्स्टर रिव्हॉल्व्हरच्या सोबतच वर उचललं जातं. परत ठेवताना होल्स्टरचं तोंड आत दबलेलं असतं आणि माणूस दुसऱ्या हातानं ते उघडायला जातो, म्हणजे नळीच्या वाटेत स्वतःची बोटं घालतो. ताठ पट्टा होल्स्टर जागच्या जागी धरून ठेवतो. सुरक्षिततेच्या दृष्टीनं पट्ट्याचं खरं काम हेच, लपवणं नंतर.

तेव्हा पट्ट्यात तीन गुण लागतात. रुंदीत तो दुमडू नये. पिळला तर लगेच परत फिरावा. लांबीत मात्र कमरेभोवती सहज वळावा. हा तिसरा गुण विसरल्यामुळेच काही जण सहा-सात मिलिमीटर जाडीचा लाकडी फळीसारखा पट्टा करून घेतात आणि महिन्याभरात खुंटीला टांगतात.

रुंदी आणि जाडी

रुंदी ३८ मि.मी., म्हणजे दीड इंच. हे उत्तर जवळजवळ सगळ्यांना लागू पडतं. ऑफिसच्या पँटवर घालतात ते ३० ते ३५ मि.मी.चे पट्टे पिळाला टिकत नाहीत. ४४ मि.मी. रुंदीचा पट्टा जीन्सच्या लूपमधून जातो, पण शिवलेल्या पँटच्या लूपमध्ये अडतो. शिवाय बाजारातली बहुतेक होल्स्टरं आणि त्यांच्या क्लिपा दीड इंची पट्ट्यासाठी केलेल्या असतात. दीड इंची क्लिपमध्ये सव्वा इंची पट्टा घातला तर होल्स्टर वरखाली खेळत राहतं, मग पट्टा कितीही भारी असो.

जाडी एका थराच्या चामड्यात साधारण ५ मि.मी., दोन थरांच्या शिवलेल्या पट्ट्यात ५ ते ५.५. सहाच्या वर जाऊ नका. क्लिपची खाच बहुधा तेवढीच असते आणि जाड पट्टा त्यात कोंबला की क्लिप फाकते. एकदा फाकलेली प्लास्टिकची क्लिप पूर्वीसारखी पकडत नाही.

चामडं की नायलॉन

चामड्यात ‘जेन्युइन लेदर’ या छापाला काही अर्थ नाही. चामड्याचा चुरा डिंकानं चिकटवून वर प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या मालावरही तो सापडतो. कापलेली कड पाहा. सलग तंतू दिसले तर चामडं, पुठ्ठ्यासारखा भुसा दिसला तर ठेवून द्या. कडेला जाड काळा रंग फासून कड झाकलेली असेल तर बक्कल उघडून आतलं टोक बघायला मागा. दुकानदार नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

पुढचा प्रश्न कमावण्याचा. क्रोमनं कमावलेलं चामडं मऊ, लवचीक आणि पाण्याला सोशिक. पर्स, जाकीट, बूट यांना उत्तम, आपल्या कामाला नाही. कापलेल्या कडेच्या मध्यभागी निळसर-करडी छटा दिसली की ते क्रोमचं समजा. आपल्याला हवं ते बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या रसात कमावलेलं. ते आतूनही तपकिरी किंवा फिकट पिवळं असतं, आतल्या खरखरीत बाजूवर पाण्याचा थेंब टाकला तर शोषून गडद होतं आणि घडी घालू गेलं तर विरोध करतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच पद्धतीनं कमावतात. घोड्याच्या सामानासाठी वापरतात ते हार्नेस लेदरही असंच, त्यात तेल-मेण मुरवलेलं असतं. कानपूर इंग्रजांच्या काळापासून खोगीर आणि घोड्याच्या सामानाचं केंद्र आहे आणि ग्वाल्हेरहून फार लांबही नाही. तुमचा कारागीर माल तिथून मागवू शकत असेल तर आनंदानं वाट बघा.

म्हशीचं चामडं जाड आणि दणकट असतं. दिसायला जरा राकट, पण पट्टा शर्टाखाली जाणार असल्यानं त्याचं दुःख नको. जनावराच्या पाठीकडचा भाग घ्यायचा. पोटाकडचं चामडं सैल तंतूंचं असतं, सहा महिन्यांत ताणून लांब होतं आणि तेही एका बाजूला जास्त. पट्टा जमिनीवर पसरल्यावर केळ्यासारखा वाकलेला दिसला तर तो पोटाकडचा.

नायलॉनला नाक मुरडू नये. ग्वाल्हेरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. घाम गाळत दिवसभर बाहेर हिंडणाऱ्याला दोन थर एकमेकांवर शिवलेला ताठ नायलॉनचा पट्टा चामड्यापेक्षा सोयीचा पडतो. घामानं कुजत नाही, धुता येतो, भोकं नसल्यानं हवा तेवढाच आवळता येतो. मात्र एका थराची नायलॉन पट्टी, बॅगेच्या बंदासारखी, मुळीच चालत नाही. तशीच प्लास्टिकची दाबून उघडायची बक्कलही नको. धातूची बक्कल घ्या. सैनिकी पद्धतीच्या मोठ्या बक्कला लूपमधून जात नाहीत, त्या दर वेळी काढून घालाव्या लागतात. घेण्याआधी तुमच्या पँटच्या लूपमधून नेऊन बघा.

दात असलेला रॅचेटचा पट्टा हा तिसरा प्रकार. जवळजवळ ६ मि.मी.च्या टप्प्यांनी मागेपुढे होतो, त्यामुळे जेवणानंतर एक दात सैल करता येतो. कल्पना चांगली. पण बाजारात भरून पडलेले स्वस्त रॅचेट पट्टे म्हणजे ३ मि.मी.ची रेक्झिनची पट्टी आणि मागे शिवलेली प्लास्टिकची दातेरी फीत. भार आला की फितीची शिवण उसवते किंवा दात झिजून पट्टा घसरतो. ताठ गाभ्याचा मिळाला तरच घ्या.

दुकानात करायच्या चाचण्या

पट्टा हातात आला की आधी रुंदीची चाचणी. वरची कड अंगठ्याखाली, खालची कड बोटांखाली धरून पट्टा लांबीच्या रेषेवर दुमडायचा प्रयत्न करा. आरामात दुमडला तर पुढचं काही तपासायची गरज नाही. मग दोन्ही हातांत वीतभर अंतर ठेवून तो पिळा. थोडा पीळ बसेलच. सोडल्यावर तो तत्काळ सपाट व्हायला हवा. त्यानंतर एक टोक धरून फूटभर भाग आडवा पुढे काढा. मऊ पट्टा लगेच मान टाकतो, कामाचा पट्टा थोडासाच झुकतो. शेवटी तो जमिनीवर लांब पसरून सरळ आहे का बघा.

आतल्या बाजूला नखानं खरवडा. पोपडे निघाले तर मुलामा. शिवण पाहताना टाक्यांची लांबी बघा, ३ ते ४ मि.मी. ठीक. फार बारीक टाके मजबूत वाटतात, पण जवळजवळ पडलेल्या छिद्रांच्या ओळीवरूनच चामडं फाटतं. कडेपासून शिवण निदान ३ मि.मी. आत असावी.

बक्कल पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची. चकचकीत मुलाम्याच्या ओतीव जस्ताच्या बक्कला काट्याच्या मुळाशी अचानक तुटतात, आधी वाकून इशाराही देत नाहीत. मागच्या बाजूला टोकदार वस्तूनं बारीक ओरखडा काढला की पितळ पिवळं दिसतं, जस्त करडं. चुंबकावर विसंबू नका, पितळ आणि जस्त दोन्ही त्याला चिकटत नाहीत. काटा बक्कलच्या खाचेत बसल्यावर आडवा हलत असेल तर भोकं लवकर फाटतील.

बक्कल पट्ट्याला कशी जोडली आहे हेही बघा. शिवलेली जोडणी उत्तम, पण बक्कल बदलता येत नाही. स्क्रूची जोडणी सोयीची, फक्त ते स्क्रू चालता-चालता ढिले होतात. स्क्रूच्या आट्यांवर तो पक्का करणाऱ्या चिकट द्रवाचा एक थेंब टाकला की प्रश्न मिटतो. तो मिळाला नाही तर नेलपॉलिशही चालतं. एकाच स्क्रूवर बक्कल टिकवलेली असेल तर तो पट्टा घेऊ नका.

माप घेण्याची रीत

पँटच्या लेबलवरचा आकडा हे माप नव्हे. ३४ लिहिलेल्या पँटची प्रत्यक्ष कंबर ३६ भरणं अगदी नेहमीचं आहे.

रिव्हॉल्व्हर रिकामं करा. सिलिंडर उघडून सहाही घरं डोळ्यांनी बघा, बोटानंही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून नळीचं घर तपासा. हा क्रम उलटा झाला तर नळीत पुन्हा काडतूस जातं. माप घेणं, होल्स्टर बसवणं, नवा पट्टा अंगवळणी पाडणं, ही सगळी कामं रिकाम्या हत्यारावरच करायची.

आता रोजची पँट घाला, होल्स्टर रोजच्या जागी बसवा आणि शिंप्याची टेप लूपमधून, होल्स्टरवरून फिरवून समोर आणा. श्वास सोडा. आकडा लिहा. मग खुर्चीवर बसून पुन्हा घ्या, बसल्यावर कंबर वाढते. दोन्हींच्या मधला आकडा तुमचं माप. होल्स्टर पँटच्या आत घालत असाल तर हे माप नुसत्या कमरेपेक्षा साधारण दोन इंचांनी जास्त येईल. तेवढीच पँटही सैल लागते, हे शिंप्याला सांगायला विसरू नका.

हा आकडा म्हणजे बक्कलपाशी चामडं दुमडतं तिथपासून मधल्या भोकापर्यंतचं अंतर. पट्ट्याच्या टोकापर्यंतचं नाही, बक्कलच्या पुढच्या कडेपासूनही नाही. ऑर्डर देताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जुना पट्टा सोबत नेऊन त्यावर बोटानं दाखवणं सगळ्यात सोपं.

भोकं सात, दोन भोकांत २० मि.मी. बाजारच्या पट्ट्यात ती एक इंचावर असतात आणि मग एक भोक सैल तर पुढचं घट्ट अशी गत होते. मधलं भोक हत्यारासहच्या मापाचं ठेवलं की बक्कलच्या बाजूची तीन भोकं हत्याराविना वापरायला येतात, मेळ्याच्या संध्याकाळी किंवा हत्यार ठाण्यात असताना. टोकाकडची तीन थंडीत स्वेटर आत खोचणाऱ्यांना. शेवटच्या भोकापुढे १० सें.मी. शेपूट पुरे. त्याहून लांब शेपूट होल्स्टरच्या तोंडापर्यंत जाऊन अडचण करतं.

कारागिराकडून करून घेताना

बंदुकीसाठी म्हणून खास विकले जाणारे पट्टे आपल्याकडे सहज मिळत नाहीत, आणि मापात तडजोड करावी लागते ती वेगळीच. आमचा कल स्पष्ट आहे: चांगला चामड्याचा कारागीर शोधा आणि करून घ्या. ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकाच्या आसपासच्या बाजारात तयार पट्टे ढिगानं आहेत, पण विकणाऱ्याला विचारून प्रत्यक्ष शिवणाऱ्यापर्यंत पोचायचं. त्याला हत्याराचं काही सांगायची गरज नाही. अवजारांचा पट्टा हवा आहे, एका बाजूला किलोभर वजन येणार आहे, एवढं पुरे.

दोन थरांचा पट्टा सांगा. बाहेरचा थर ३ मि.मी., आतला २ ते २.५. दोन्ही थरांच्या आतल्या खरखरीत बाजू समोरासमोर. चामडं चिकटवायचं सोल्यूशन दोन्हीकडे लावून, थोडं सुकू देऊन मग चिकटवायचं. इथे एक गोष्ट आग्रहानं सांगावी लागते: थर सपाट पाटावर चिकटवू नका, गोल वळवून चिकटवा. सपाट चिकटवलेला पट्टा कमरेला घातला की आतल्या थराला जागा कमी पडते, त्याच्या आडव्या सुरकुत्या उठतात आणि त्या कमरेला टोचतात. वळवून चिकटवताना आतला थर आपोआप थोडा लांब उरतो, तो रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या सुरीनं, शेवटी छाटायचा. मोठ्या डब्याभोवती किंवा मडक्याभोवती गुंडाळलं तरी काम होतं.

शिवण दोन सुयांची, मेण लावलेल्या जाड नायलॉन किंवा पॉलिस्टर दोऱ्यानं. आरीनं भोक पाडून दोन्ही बाजूंनी एकेक सुई काढायची. एक टाका तुटला तरी बाकीचे टाके जागेवर राहतात. मशीनच्या शिवणीत एक दोरा तुटला की ती पुढे उसवू लागते. हाताच्या शिवणीला वेळ लागतो आणि कारागीर त्याचे पैसे घेईल, तिथे घासाघीस करू नका.

मध्ये ताठपणासाठी पट्टी घालायची का? चामडं उत्तम असेल तर गरज नाही. वजनदार माणसाला, पँटच्या आत होल्स्टर घालणाऱ्याला उपयोग होतो. पट्टी २५ ते २८ मि.मी. रुंद, चिवट प्लास्टिकची, १ मि.मी.च्या आसपास जाड, कोपरे गोल कापलेले. ती बक्कलच्या घडीपाशी आणि भोकांच्या भागात येऊ द्यायची नाही. पट्टी घातली तर आतला थर २ मि.मी.चाच ठेवा, म्हणजे एकूण जाडी सहाच्या वर जात नाही. पत्र्याची पट्टी घालू असं कोणी सुचवलं तर ठाम नकार द्या. पत्र्याला एकदा मोड पडली की तो तिथेच पुन्हा पुन्हा मोडतो, त्याच्या कडा आतून चामडं कापतात आणि घामानं गंजही चढतो.

भोकं गोल पंचानं पाडून बक्कलच्या दिशेला किंचित लांबट करून घ्या. कडा घासून, गोल करून, मेण लावून घोटून घ्या. कच्ची कड लूप खाते आणि पावसाचं पाणी पिते.

पँट, कुर्ता आणि होल्स्टर

चांगला पट्टा रद्दी लूपमध्ये घातला तर लूप तुटतात. शिवून घेताना ५० मि.मी. उंचीचे, दुहेरी कापडाचे आठ लूप सांगा आणि त्यातले दोन होल्स्टरच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून होल्स्टरच्या रुंदीएवढ्या अंतरावर. म्हणजे होल्स्टर पुढेमागे सरकायला जागाच उरत नाही. क्लिप दोन असतील तर लूप त्यांच्या मध्ये धरता येतो, तेही चालतं.

उजव्या हाताच्या माणसानं होल्स्टर उजव्या कुल्ल्याच्या हाडामागे ठेवलं तर उभं असताना छान झाकतं, पण मोटरसायकलवर पुढे वाकलं की मूठ पाठीवर उठते. पोटासमोर ठेवणाऱ्यानं बक्कल होल्स्टरपासून तीन-चार बोटं बाजूला घ्यावी, एकाच जागी दोन जाड वस्तू आल्या की शर्टावर गाठ दिसते. गोळ्यांची थैली किंवा जादा मॅगझिन दुसऱ्या बाजूला लावलं की पट्टा एकीकडे ओढला जात नाही. सिलिंडरमुळे रिव्हॉल्व्हर फुगीर, पिस्तूल चपटं. रिव्हॉल्व्हरवाल्याला पट्ट्याच्या ताठपणाची गरज म्हणूनच थोडी जास्त. होल्स्टर कुठलंही असो, त्यानं चाप पूर्ण झाकलेला पाहिजे.

कुर्ता-पायजमा हा आपल्याकडचा खरा पेच. नाडीला पट्टा धरून ठेवता येत नाही आणि पायजम्यावर नुसताच पट्टा बांधला तर तो भारानं खाली येतो. कुर्त्याखाली लूपवाली सुती पँट घालणं हा सरळ मार्ग. रुंद इलॅस्टिकचा पोटपट्टाही मिळतो, पण त्यात चाप झाकणारं ताठ कवच नसेल तर त्यात हत्यार ठेवू नये. कुर्ता शिवताना बाजूचे कट नेहमीपेक्षा चार बोटं खाली सुरू करायला सांगा. गाडीवर वाऱ्यानं कट उडतो आणि नेमकी तीच जागा उघडी पडते. कापड गडद किंवा बारीक छापील. पांढऱ्या मलमलीतून काळं होल्स्टर सरळ दिसतं. साडीवर यातलं काही जमत नाही. तिथे हत्यारासाठी वेगळा बंद कप्पा असलेली, अंगावरून न उतरवायची बॅग हाच पर्याय.

जमिनीवर मांडी घालून बसायचं असेल, पंगतीला किंवा बैठकीला, तर ताठ पट्टा पोटात रुततो. बसण्याआधी एक भोक सैल करा, उठल्यावर आठवणीनं परत लावा.

नवा पट्टा अंगवळणी पाडणं

पहिला आठवडा पट्टा घरीच, रिकाम्या रिव्हॉल्व्हरसह किंवा तेवढ्याच वजनाच्या लाकडी ठोकळ्यासह, दिवसाला दोन-तीन तास. चालताना, जिना चढताना, खाली वाकून बूट बांधताना, गाडीत सीटबेल्ट लावताना काय होतं ते बघा. आरशासमोर दोन्ही हात वर करा. शर्ट वर जाऊन मूठ दिसली तर शर्ट आखूड आहे, पट्टा निर्दोष आहे. नवा पट्टा ओला करून किंवा तेलात बुडवून लवकर मऊ करायचा मोह टाळा. ज्या ताठपणासाठी पैसे मोजले तोच त्यात जातो.

निगा

तेलाचा अतिरेक हेच चामड्याचा पट्टा बिघडण्याचं मोठं कारण आहे. वर्षातून दोनदा, मेणाचा अंश असलेलं लेदर क्रीम, तेही फडक्याला लावून पातळ हात. मोहरीचं किंवा खोबरेल तेल नको: चामडं लिबलिबीत होतं आणि पितळी रिवेटांभोवती हिरवा थर साचतो. तो दिसला तर कोरड्या ब्रशनं काढून टाका.

उन्हाळ्यात पट्टा रोज घामानं भिजतो. दोन पट्टे ठेवून आलटून-पालटून वापरले तर दोन्ही दुप्पटीहून जास्त टिकतात, कारण चामड्याला आतून सुकायला पूर्ण दिवस लागतो. सुकवायचा तो सावलीत, सपाट किंवा टांगून. ग्वाल्हेरच्या दुपारच्या उन्हात ठेवलेलं चामडं कडक होऊन तडकतं. पावसाळ्यात बुरशी धरली तर कोरड्या फडक्यानं पुसा, मग हवेशीर जागी टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका. नायलॉनचा पट्टा कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवा, ब्लीच वापरू नका.

आणि हत्यार रात्री चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामड्यातली ओल आणि क्षार पोलादावर गंज चढवतात. घरी आल्यावर रिकामं करून, पुसून, तेलाचा पुसट हात देऊन कुलपात ठेवायचं. मुलांच्या हाती लागणार नाही असं कुलूप हवं.

दर महिन्याला एकदा पट्टा उलटा करून बघा. भोक लांबट होऊन फाटायला लागलं आहे का, बक्कलच्या घडीवर तडा आहे का, होल्स्टरच्या जागी कायमचा पीळ बसला आहे का. शिवण एक-दोन टाके सुटली असेल तर कारागीर पुन्हा शिवून देईल. बक्कलच्या घडीवर तडा दिसला किंवा दुकानातली रुंदीत दुमडण्याची चाचणी पट्टा नापास होऊ लागला, तर त्याच दिवसापासून त्यावर हत्यार लावायचं नाही. साध्या पँटवर तो अजून काही वर्षं चालेल.